दुसरी गोळी

महोत्सवाचा मेल आला तेव्हा मी एका हळदीचा व्हिडिओ कापत बसले होते. 'आपला लघुपट निवडला गेला आहे' ही ओळ दादाला मोठ्यानं वाचून दाखवली आणि आम्ही दोघांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं. पाच ठिकाणी फिल्म पाठवली होती, चार ठिकाणांहून नकार आले होते. हा पाचवा महोत्सव सगळ्यांत लहान. आमच्याच भागातला, दोन दिवसांचा, प्रवेश फी ५०० रुपये. पण मला फिल्म दाखवायची होती ती इथेच. गुऱ्हाळ म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावं लागत नाही, अशी माणसं इथे खुर्च्यांवर बसणार होती.

अभिनंदनाच्या ओळीखाली दीड पान सूचना होत्या. महोत्सव यंदा नाट्यगृह सोडून मल्टिप्लेक्सच्या एका पडद्यावर होणार, त्यामुळे फिल्म पेन ड्राइव्हवरच्या साध्या फाइलमध्ये चालणार नाही, डीसीपी, म्हणजे थिएटरच्या यंत्राला लागणारं फिल्मचं रूप, लागेल. फिल्म चालवणारं थिएटरचं यंत्र, सर्व्हर, जुनं असल्यामुळे ती सेकंदाला २४ फ्रेमचीच हवी. इंग्रजी सबटायटल्स हवीत. लांबी १५ मिनिटांच्या आत हवी. आमची फिल्म १४ मिनिटं ३५ सेकंदांची होती, म्हणून शेवटच्या अटीकडे मी त्या दिवशी लक्षच दिलं नाही.

फिल्म मामाच्या गुऱ्हाळावरची. करवीर तालुक्यातलं गाव, चारी बाजूंना ऊस. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत गेलं की गरम काकवी आणि चिपाडांच्या ढिगावर उड्या, एवढंच मला गुऱ्हाळ माहीत होतं. पुढे ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळावर काम करायला माणूस मिळेना, आणि एका वर्षी मामानं 'हा शेवटचा हंगाम' असं सांगून टाकलं. दादा लग्नाचं शूटिंग करतो, मी एडिटिंग. कॅमेरा घरातलाच होता. तीन रात्री आम्ही तिथे काढल्या. आम्हाला दिसला तो गुळव्या, गूळ शिजवणारा माणूस. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो, आम्हीही. वय सत्तरीच्या पुढे. काहिलीतला, म्हणजे मोठ्या पसरट कढईतला, रस उकळायला लागला की वर आलेली मळी कधी काढायची, भेंडीचं पाणी किती घालायचं, जाळ कधी ओढायचा आणि पाक वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या हौदात, कधी ओतायचा, हे सगळं तात्या ठरवतात. त्यांच्याकडे ना थर्मामीटर ना घड्याळ. पाक तयार व्हायला आला की ते त्याचा थेंब थंड पाण्यात सोडतात आणि बोटांनी गोळी वळून बघतात. गोळी कशी बनते त्यावर काहिलीतला सगळा गूळ ठरतो.

त्या गुऱ्हाळात उजेड दोनच ठिकाणचा, चुलाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या मोठ्या चुलीच्या, तोंडातला आणि छताच्या एका जुन्या ट्यूबलाइटचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. २४ फ्रेमवर नेहमीच्या शटरनं शूट केलं तर असली ट्यूब पडद्यावर लुकलुकते. लग्नाच्या मांडवात दादाला हा अनुभव इतक्यांदा आलाय की त्यानं डोळे झाकून कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर लावलं. निर्णय बरोबरच होता. वाफेनं लेन्स दर दोन मिनिटांनी धूसर होत होती, पण लुकलुक एकाही शॉटमध्ये नाही. या एका फ्रेमची किंमत पुढे कुठे मोजावी लागणार आहे हे तेव्हा आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

फिल्म तयार झाल्यापासून निवड होईपर्यंत आठ महिने गेले. अर्ज भरणं हे वेगळंच काम निघालं. पन्नास शब्दांत गोष्ट, शंभर शब्दांत दिग्दर्शकाचं मनोगत, पोस्टर, तीन स्थिरचित्रं, पासवर्ड लावलेली लिंक. शिवाय प्रत्येक ठिकाणी एक रकाना असायचा, फिल्म याआधी कुठे दाखवली आहे का, यूट्यूबवर आहे का? एकदा यूट्यूबवर गेलेली फिल्म बरेच महोत्सव घेत नाहीत. इकडे मामीचा दर रविवारी फोन, 'लिंक पाठव की गं, सगळे विचारत्यात.' ज्यांच्या घरात राहून, ज्यांच्या ताटात जेवून फिल्म केली, त्यांनाच आठ महिने 'अजून नको' म्हणत राहिले. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जड हे गेलं.

गाण्याचं प्रकरण त्याच काळातलं. दुसऱ्या रात्री ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरवर एक सिनेमाचं गाणं मोठ्यानं वाजत होतं आणि नेमके त्याच वेळी तात्या त्यांच्या वडलांबद्दल बोलत होते. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, शब्द आणि चालीचा वेगळा. दोन्ही परवानग्या काढणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि बोलण्यामागून गाणं पुसणं आमच्याकडच्या साधनांनी जमेना. शेवटी वडलांची अख्खी आठवण गेली. त्या जागी तात्या नुसते काहिलीकडे बघत उभे आहेत आणि रस रटरटतो आहे. तो शॉट मला आता आवडतो. तरी ते बोलणं गेल्याची चुटपुट आहेच.

सेन्सॉरचंही थोडं सांगते, कारण पहिल्यांदा फिल्म करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. आमच्या फिल्ममध्ये दोन शॉटमध्ये उसाची बैलगाडी आहे. फिल्ममध्ये जनावर असेल तर प्राणी कल्याण मंडळाचा दाखला लागतो आणि त्याची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यायची असते. हे आम्हाला शूटिंगनंतर कळलं. महोत्सवांची गोष्ट वेगळी. आयोजक माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून निवडलेल्या फिल्मसाठी सूट मिळवतात. म्हणजे आमच्यासारख्यांना मोठ्या पडद्याचं दार उघडायचं तर ते महोत्सवातूनच.

सबटायटल्सना चार रात्री लागल्या. मोबाइलवरच्या भाषांतरानं तात्यांच्या 'गोळी'ची बुलेट करून ठेवली होती. 'आदण' या शब्दापाशी मी खूप अडले. एका वेळी काहिलीत चढतो तो रस म्हणजे आदण, पण त्या शब्दात रात्रही येते, किती आदणं झाली यावर माणसं वेळ सांगतात. शेवटी तो तसाच ठेवला. दुसऱ्यांदा ऐकल्यावर बाहेरच्या माणसालाही कळतो.

आता डीसीपी. थिएटरमध्ये सिनेमा ज्या रूपात जातो ते म्हणजे एक फोल्डर असतं. त्यात प्रत्येक फ्रेमचं वेगळं संकुचित चित्र, आवाज वेगळा, आणि कशानंतर काय लावायचं याच्या याद्या. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत करून घ्यायचं तर खर्च परवडत नव्हता. डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यावर करायचं ठरवलं. फाइल आत टाकली, २४ फ्रेम निवडले आणि खाली लांबी बदललेली दिसली. १५ मिनिटं ११ सेकंद.

गणित सोपं आहे. आमच्या फिल्ममध्ये २१,८७५ फ्रेम होत्या. सेकंदाला २५ च्या वेगानं त्या १४ मिनिटं ३५ सेकंदांत संपतात, २४ च्या वेगानं संपायला ३६ सेकंद जास्त लागतात. चित्र चार टक्के सावकाश चालणार, तात्यांचा आवाज किंचित जाड होणार. ते चालून गेलं असतं. वरचे ११ सेकंद मात्र अटीच्या बाहेर होते.

फाइल द्यायला तीन दिवस उरले होते. मी टाइमलाइन पुढे-मागे करत बसले. नावांची पाटी आधीच छोटी होती. सुरुवातीचा धुराड्याचा शॉट काढला तर जागा कळत नाही. मामाचं शेवटचं वाक्य काढणं शक्यच नव्हतं. मग नजर तात्यांच्या हातावर आली. फिल्मच्या बाराव्या मिनिटाला तात्या पाण्यात थेंब सोडतात, गोळी वळतात, बघतात. चुलाणाचा जाळ ओढला जातो. तात्या पुन्हा थेंब सोडतात, पुन्हा गोळी वळतात. मग काहील वाफ्यावर कलते. दोन्ही शॉट जवळून घेतलेले, दोन्हीत तोच हात, तेच भांडं. दुसरा १३ सेकंदांचा. मला वाटलं, पुनरावृत्ती आहे. लग्नाचे व्हिडिओ कापून कापून एक सवय लागते, एकच गोष्ट दोनदा दिसली की बोट आपोआप चालतं. मी दुसरी गोळी काढली. दादाला दाखवलं, तो म्हणाला, 'चाल घट्ट झाली.' फिल्म झाली १४ मिनिटं २२ सेकंद, २४ फ्रेमवर १४ मिनिटं ५८. रात्री लॅपटॉपवर डीसीपी लावली, पहाटे झाली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसातला थिएटरमध्ये चाचणी होती, पहिला खेळ सुरू व्हायच्या आत. जाताना खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून गाडी गेली. हा रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी मी मान वळवून बघितलं. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्यावर विसंबून न राहता स्वतः कॅमेरा घडवला तो याच कोल्हापुरात. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. शाळेत हे सगळं पाठ केलं होतं. मांडीवर हार्ड डिस्क घेऊन तिथून जाताना मला पहिल्यांदा त्याचा आधार वाटला.

सर्व्हरनं डिस्क ओळखलीच नाही. ऑपरेटर शांत माणूस होता. म्हणाला, 'फॉरमॅट बदलावं लागेल, मॅडम. घरच्या कॉम्प्युटरवर चालतं ते इथं चालेलच असं नाही.' लॅपटॉप बरोबर नेला होता म्हणून निभावलं. त्याच सॉफ्टवेअरमधून डिस्क लिनक्सच्या जुन्या पद्धतीत लिहून घेतली, वीस मिनिटं गेली, आणि फिल्म चढली.

पडद्यावर गुऱ्हाळ उभं राहिलं तेव्हा मला क्षणभर काही सुचलं नाही. चुलाणातला जाळ माणसाहून मोठा दिसत होता. पण तात्या बोलले आणि मी गडबडले. ते पडद्याच्या मधोमध बसलेले आणि आवाज भिंतीकडून. मी डावीकडच्या खुर्चीवर होते, मला तात्या फक्त डावीकडून ऐकू येत होते. आमचा आवाज स्टीरिओत होता, तो डाव्या आणि उजव्या स्पीकरला गेला होता. पडद्यामागचा मधला स्पीकर, जो बोलण्यासाठीच असतो, तो रिकामा. शिवाय लॅपटॉपच्या हिशोबानं मी सगळं मोठं करून ठेवलं होतं, त्यामुळे रसाची रटरट कानावर आदळत होती. ऑपरेटरनं आवाजाचा फेडर खाली घेतला तर बोलणं गेलं, वर घेतला तर रस अंगावर आला.

त्या दिवशी दुपारभर बसून बोलणं वेगळं काढून मधल्या चॅनेलवर टाकलं, रस डाव्या-उजव्या बाजूला ठेवला आणि खाली घेतला. चित्राला हात लावला नसल्यानं सॉफ्टवेअरनं आधीच्याच फ्रेम वापरल्या, फक्त आवाज नव्यानं झाला. संध्याकाळी ऑपरेटरनं दोन खेळांच्या मधल्या वेळात पाच मिनिटं परत लावून दाखवली. तेवढ्यासाठी त्यानं स्वतःचा चहा सोडला. चाचणी प्रदर्शनाच्या दिवशीच ठेवली असती तर आमची फिल्म तशीच गेली असती. ज्या कुणाची फिल्म पहिल्यांदा हॉलमध्ये लागणार असेल त्यानं आदल्या दिवसाची वेळ मागून घ्यावी, आणि तिथे मधल्या रांगेत न बसता कडेच्या खुर्चीवर बसून ऐकावं.

दुसऱ्या दिवशी मामाच्या जीपमधून नऊ माणसं आली. हंगाम ऐन भरात होता. मामाचं गुऱ्हाळ बंद झाल्यापासून तात्या पलीकडच्या गावात गुळव्या म्हणून जातात. एक दिवसाचं काम टाकून आले होते, धुवट पांढरा सदरा घालून. बरोबर आसपासच्या गावांतले आणखी तीन गुळवे. जिन्यापाशी तात्यांनी मला विचारलं, 'चपला बाहेर काढायच्या का गं?'

सहा फिल्मचा गट, आमची चौथी. मी तात्यांच्या शेजारी बसले. पडद्यावर स्वतःला बघून ते हलले नाहीत. रस उकळायला लागला तसे मात्र जरा पुढे सरकले. मळी काढतानाच्या शॉटला मागच्या रांगेतून कुणीतरी 'आता भेंडी' म्हणालं आणि पुढच्याच शॉटला भेंडीचं पाणी पडलं. अंगावर काटा आला. आठ महिने ही फिल्म परक्या माणसांना पाठवली होती, कुणी एक ओळ लिहून कळवलं नव्हतं. इथे माणसं फिल्मच्या एक पाऊल पुढे होती.

बारावं मिनिट आलं. थेंब पाण्यात पडला, गोळी वळली, जाळ ओढला आणि काहील कलली. मागून आवाज आला, 'आँ?' मोठ्यानं नव्हे, पण मला नीट ऐकू आला. तात्यांनी मांडीवरचा हात उचलला, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं आणि परत ठेवला.

टाळ्या झाल्या. स्टेजवर बोलावलं. कॅमेरा कोणता, खर्च किती, असं विचारलं गेलं, मी उत्तरं दिली. तात्यांनाही माइक दिला, ते 'पोरांनी लई कष्ट केलं' एवढंच बोलले. बाहेर चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

'पोरी, मी एका गोळीवर काहील उतरवत न्हाई कधी.'

मी म्हटलं, तात्या, वेळ कमी पडला म्हणून दुसरी काढली.

ते रागावले नाहीत. समजावून सांगायला लागले, त्या रात्री गुऱ्हाळावर सांगत होते तसंच. पहिली गोळी बघून जाळ ओढायचा. पण जाळ ओढला म्हणून चुलाण गार होत नाही, पाक त्या धगीवर शिजतच असतो. किती शिजला ते दुसरी गोळी सांगते. तिच्याआधी ओतला तर गूळ मऊ राहतो, पावसाळ्यात पाझरतो, रवा, म्हणजे दाणा, धरत नाही. उशीर केला तर काळा पडतो. 'पहिल्या गोळीवर वतणारा गुळव्या घाईचा. ह्या तिघांनी बघितलं न्हवं,' त्यांनी मागे उभ्या असलेल्या गुळव्यांकडे बघितलं, 'त्यांना ठावं हाय मी कसा करतो ते. बाकीच्यांना कसं कळणार?'

मला उत्तर देता आलं नाही. पन्नास वर्षं ज्या कामावर त्यांचं नाव उभं आहे, ते काम मी पडद्यावर चुकीचं करून दाखवलं होतं. दुसरा शॉट पुनरावृत्ती नव्हता. पहिल्या गोळीत तात्या विचारतात आणि दुसरीत ठरवतात. तीन रात्री मी ते समोर बसून बघितलं होतं, रेकॉर्ड केलं होतं, आणि टेबलावर बसल्यावर मला दोन सारखे हात दिसले. बाहेरच्या एकाही परीक्षकाला हे कळलं नसतं. आमच्या गावाजवळच्या हॉलमध्ये ते एका क्षणात कळलं, 'आँ' करून.

आयोजकांपैकी एकांना मी तिथेच गाठलं आणि ११ सेकंदांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, 'फोन करायचा होता. पंधरा मिनिटांची अट प्रवेशिकेला होती. प्रवेशिका तुमची चौदा पस्तीसचीच होती की.' मी एकदाही विचारलं नव्हतं. तीन दिवसांत एक फोन केला असता तर दुसरी गोळी राहिली असती.

पुढच्या रविवारी फिल्म परत उघडली आणि ते १३ सेकंद जागेवर ठेवले. फक्त तेवढंच करून थांबले नाही. दुसऱ्या गोळीनंतर तात्या मान वर करून बाकीच्यांकडे बघतात, तो दीड सेकंद मी पहिल्या कटमध्येही कापला होता, तोही घेतला. आता एक २४ फ्रेमची डीसीपी आणि एक २५ ची, अशा दोन करून ठेवल्या आहेत. नवे सर्व्हर २५ घेतात, आधी विचारायचं एवढंच. अर्जात लांबी लिहिताना दोन्ही आकडे लिहिते.

मग लॅपटॉप घेऊन तात्या सध्या काम करतात त्या गुऱ्हाळावर गेले. रात्रीचे दहा वाजले होते, तिसरं आदण चढलं होतं. मळी काढून झाल्यावर त्यांना थोडी उसंत मिळाली. पोत्यावर लॅपटॉप ठेवून मी थेट बारावं मिनिट लावलं. त्यांनी वाकून बघितलं. पहिली गोळी, जाळ, दुसरी गोळी, वर उचललेली मान.

'हां,' म्हणाले. 'आता पाठव कुठं पाठवायची ती.' आणि हात पुसत काहिलीकडे गेले.